आतल्या कॉम्प्युटरमधला जाकीर

जाकीर मेला असता तर पत्रिकेचं भांडणच झालं नसतं. मेलेल्याच्या नावाआधी मरहूम लावतात, त्याच्याखाली बायकोचं नाव टाकतात आणि वाचणारा मान हलवून पुढं जातो. पण माझा नवरा मेलेला नाही. तो सुलतानपूरला आहे, तिथं त्याचं दुसरं घर आहे, आणि आमची मुलगी महनूर रांगत होती तेव्हापासून त्यानं आमच्या धाड गावाचा रस्ता पाहिलेला नाही. असा जिवंत माणूस कोणत्या ओळीत बसवायचा ते पत्रिका छापणाऱ्यांनी अजून ठरवलेलं नाही.

महनूरचं लग्न मोताळ्याला ठरलं. ठरवलं माझ्या धाकट्या भावानं, अल्तमशनं. त्याचे उपकार मी नाकारत नाही. पत्रिकाही त्यानंच गफ्फारभाईच्या प्रेसमध्ये टाकली. एका बाजूला मराठी, एका बाजूला उर्दू. आमच्या घरी दोन्ही लागतात, कारण माझ्याकडून बांगड्या भरून घेणाऱ्या निम्म्या बायका गीताबाई आणि केसरबाई आहेत, त्यांना उर्दू कोण वाचून दाखवणार? मराठी बाजूला अल्तमशनं 'आपले नम्र, समस्त परिवार' लिहून सुटका करून घेतली. उर्दूत तसं सुटता येत नाही. तिथं सगळ्यात खाली 'अद्दाई' असतं, म्हणजे बोलावणारा, आणि त्याच्याखाली एक नाव. तिथं त्यानं जाकीरचं नाव टाकलं होतं.

छापायच्या आधीचा नमुना त्याच्या मोबाईलवर आला, तो त्यानं मला पाठवला. मी उर्दू शाळेत गेले नाही. मदरशात कुराण वाचायला शिकले, तेवढीच अक्षरं मला येतात. एकेक अक्षर जोडत खालच्या ओळीपर्यंत गेले. ज़ाल, अलिफ, काफ, रे. मोबाईल हातातून पडला नाही, पण पडायला हरकत नव्हती.

"अल्तमश, लोकाईले जेवाले कोन बोलावून राह्यलं? मी का तो?"

"आपा, रिवाज हाये. बापाचं नाव असते."

"निकाहात काजी घेईनच बापाचं नाव. घेऊ दे. ते शरियतचं काम हाये, त्याच्यात मी तोंड घालत नाही. पन मंडप मी टाकला, बकरे मी सांगितले, अन् बोलावनार तो?"

"मोताळ्याचे लोक काय म्हनतीन?"

"त्याईले माहीत नाही काय बाप कुठी हाये ते?"

"माहीत असनं येगळं अन् छापनं येगळं," तो म्हणाला.

हे वाक्य मी विसरणार नाही. या वाक्यावर अर्धा जिल्हा चालतो.

मी चपला घातल्या. बाजाराचा दिवस होता. बांगड्यांची पेटी शेजारी लसूण-मिरची घेऊन बसणाऱ्या केसरबाईच्या हवाली केली आणि प्रेसमध्ये गेले.

गफ्फारभाई म्हातारा झाला आहे, पण धाडपासून पार खाली खेड्यांपर्यंत उर्दू पत्रिका त्याच्याचकडे येतात. उर्दू तो स्वतः टाईप करतो. मराठी कामाला आणि कॉम्प्युटर सांभाळायला राखी येते, गावातल्या रंगरावची सून. तिच्या लग्नात तिला हिरवा चुडा मीच भरला होता. राखीला उर्दूचं एक अक्षर येत नाही आणि गफ्फारभाईला कॉम्प्युटरचं आपल्या टाईप करायच्या जागेपलीकडं काही कळत नाही. दोघांचं मिळून एक माणूस होतो, आणि इतकी वर्षं कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

मी म्हटलं, "अद्दाईखालचं नाव काढा. माझं टाका."

गफ्फारभाईनं चष्मा कपाळावर चढवला. "नूरजहांबी, मले पटते. खुदाची कसम, पटते. पन बदलता येत नाही."

"काऊन? अल्तमशनं सांगितलं काय?"

"अल्तमशचं काय घेऊन बसली. ज्याच्यात मी उर्दू लिहितो ते सॉफ्टवेअरच आता या कॉम्प्युटरात नाही. तुमचा नमुना त्याच्या आधीच निघाला होता, तो तसाच छापता येते. आतलं अक्षर हलवता येत नाही."

मग राखीनं सांगितलं. मागच्या आठवड्यात कोणीतरी हळदीचा व्हिडिओ घेऊन पेनड्राइव्ह लावला आणि कॉम्प्युटरला व्हायरस लागला. तिच्या दिरानं, शिवमनं, जुनी विंडोज काढून टाकली आणि लिनक्स टाकलं. याला रोग लागत नाही, फुकट आहे, मस्त चालते, म्हणाला, आणि पुण्याला निघून गेला. राखीनं कामं पेनड्राइव्हवर वाचवून ठेवली होती. पण गफ्फारभाईचं उर्दूचं सॉफ्टवेअर फार जुनं, जुन्या विंडोजशिवाय ते डोळाच उघडत नाही. लिनक्समध्ये तर त्याला कोणी ओळखतसुद्धा नाही.

"शिवमले फोन लाव."

"लावला, मावशी. पुन्याले गेल्यापासून त्याले आमची भाषाच समजत नाही. मीटिंगमध्ये हाये म्हनते."

"मंग तेवढं नाव मोबाईलवर लिहा अन् चिकटवा."

गफ्फारभाईचा चेहरा असा झाला की जणू मी त्याच्या जेवणात माती टाकली. "मोबाईलचं उर्दू चपटं असते, दवाईच्या डब्यावर असते तसं. वरच्या सगळ्या ओळी नस्तालीकमध्ये, हातानं लिहिल्यासारख्या वळनदार, अन् खाली तुझं नाव चपटं. पाह्यनाऱ्याले दिसनच, की हे मागून लावलं."

ठिगळ म्हणून माझं नाव मला नको होतं. बावीस खेड्यांतल्या बायकांच्या हातात मी बांगड्या भरते. जोडलेली बांगडी मी कोणाला विकत नाही. मी खुर्ची ओढून बसले.

राखी मोबाईलमध्ये काहीतरी वाचत होती. वाचता वाचता म्हणाली, "एक रस्ता हाये. याच कॉम्प्युटरच्या आत दुसरं कॉम्प्युटर टाकता येते. बाहेर लिनक्स राहीन, आत जुनी विंडोज. चाचाचं सॉफ्टवेअर त्या आतल्यात टाकायचं."

"आत जागा कुठी हाये?" गफ्फारभाई म्हणाला. "मी डबा खोलून झाडला होता. पंखा हाये, वायरी हायेत अन् एक मेलेली पाल होती."

"तसं नाही, चाचा. खोटं कॉम्प्युटर. व्हर्च्युअल मशीन म्हनतात त्याले."

"खोटं हाये तं चालन कसं?"

"चालते. पन नसते."

मी दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. चालते पण नसते. मला एक समजलं, मोठ्या मापाच्या बांगडीत लहान मापाची बसते, तसं काहीतरी असावं. मी तसं म्हटलं. राखी म्हणाली, "हाव, तसंच समजा," पण तिच्या आवाजावरून कळलं की तिलाही नक्की माहीत नाही. कोणालाच माहीत नसताना काम सुरू झालं, हे मी आधीच सांगून ठेवते.

प्रेसचं इंटरनेट बंद होतं. माझ्या मोबाईलवरून लावलं. राखीनं एक काळी खिडकी उघडली, तिच्यात इंग्रजीत एक ओळ लिहिली. खिडकीनं पासवर्ड मागितला. राखी टाईप करायला लागली तर काहीच उमटेना. गफ्फारभाई उठून कीबोर्डची वायर हलवायला लागला.

"कीबोर्ड मेला."

"मेला नाही, चाचा. पासवर्ड लिहिताना इथं काहीच दिसत नाही. टिंबसुद्धा नाही."

"मंग लिहिलं का नाही, कसं कळन?"

"बरोबर असलं तं पुढं जाईन."

गेलं पुढं. पांढरी अक्षरं पावसासारखी खाली पळायला लागली, आणि माझ्या मोबाईलचा डेटा संपल्याचा मेसेज आला. गफ्फारभाईनं आपला मोबाईल काढून दिला. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर बसलं. राखीनं ते उघडलं, नवीन मशीन बनवायला घेतलं. त्यानं विचारलं, बाहेरच्या मेमरीतली आतल्याला किती द्यायची?

"अर्धी दे," गफ्फारभाई म्हणाला. "पाहुन्याले उपाशी ठेवू नये."

राखीनं वळून पाहिलं. "तुम्हाले कसं माहीत? इथं तसंच लिहेल हाये. बाहेरचं यजमान, आतलं पाहुनं. पन अर्धी देली तं यजमान उपाशी मरन." तिनं चौथा हिस्सा दिला.

डिस्कही विचारली. ती डिस्क म्हणजे बाहेरच्या कॉम्प्युटरमधली नुसती एक फाईल, पण आतल्याला वाटणार की आपल्याला अख्खी डिस्क मिळाली. मी म्हटलं, त्याला फसवायचं? राखी म्हणाली, हाव, सगळं फसवायचंच हाये. मग तिनं चालू करायचं बटण दाबलं आणि लाल चिन्ह आलं. लांबलचक इंग्रजी. राखीनं शब्द न् शब्द मोबाईलवर टाकून पाहिला. कॉम्प्युटरमध्ये असं मशीन चालवायची परवानगीच बंद होती. ती उघडायला सगळं बंद करून परत चालू करायचं आणि चालू होताना एक बटण टकटक दाबत राहायचं. करड्या रंगाचा एक पडदा आला, तो मी याआधी कुठंच पाहिला नव्हता.

"ही कुठी आली तू?" गफ्फारभाईनं विचारलं.

"लिनक्सच्या खाली."

"आत जायचं होतं ना? खाली काऊन गेली?"

"आत जायची परवानगी खाली हाये, चाचा."

आत, बाहेर, खाली. माझ्या नावाची एक ओळ बदलायची होती आणि आम्ही कुठं कुठं फिरत होतो.

परवानगी मिळाली. लिनक्सच्या पडद्यावर एक खिडकी उघडली आणि त्या खिडकीत कॉम्प्युटर चालू व्हायला लागला, खरोखर, पहिल्यापासून, काळ्या पडद्यापासून. कपाटातून जुनी सीडी निघाली. निळा पडदा, पांढरी अक्षरं, मग ते जुनं हिरवं शेत आणि निळं आभाळ. गफ्फारभाई हसला. बऱ्याच दिवसांनी घरचं माणूस दिसावं तसं हसला. त्यानं माऊस हातात घेतला आणि तेवढ्यात तो बाण त्या खिडकीत अडकला. खिडकीच्या काठापर्यंत जायचा आणि थांबायचा. बाहेर येईना.

"कोंडला," मी म्हटलं.

राखीनं उजवीकडचं एक बटण दाबलं तेव्हा सुटला. मला सासरची पहिली वर्षं आठवली, पण ते बटण मला उशिरा सापडलं.

कपाटातल्याच दुसऱ्या सीडीवरून उर्दूचं सॉफ्टवेअर आत टाकलं. मग कुलूप. त्या उर्दू सॉफ्टवेअरला अंगठ्याएवढं एक कुलूप आहे, ते कॉम्प्युटरच्या मागं लावलं तरच ते चालतं. गफ्फारभाई ते अत्तराच्या डबीत कापूस घालून ठेवतो. लावलं. बाहेरच्या लिनक्सला दिसलं, आतल्या विंडोजला दिसेना. राखीनं वाचून सांगितलं, बाहेरच्यानं धरून ठेवलंय, तो सोडीन तेव्हा आतल्याले भेटन, एका वेळी दोघाले नाही. आणि सोडण्याआधी राखीचं नाव एका यादीत टाकावं लागलं, आतल्याला वस्तू द्यायची परवानगी असलेल्या लोकांच्या. टाकलं, सगळं बंद करून परत आत आलो, वरच्या मेनूतून कुलपाच्या नावावर खूण केली. आतून टुंग असा आवाज आला.

"भेटलं त्याले," राखी म्हणाली.

पेनड्राइव्हवरची फाईल आत गेली. महनूरची पत्रिका पडद्यावर आली. खाली अद्दाई, त्याच्याखाली जाकीर.

गफ्फारभाई बोटं मोडून टाईप करायला बसला तर राखी म्हणाली, "थांबा. आधी फोटो काढून घेते."

"आमचा?"

"मशीनचा. याले स्नॅपशॉट म्हनतात. आता सगळं नीट चालू हाये, कुलूप लागेल हाये, पत्रिका उघडेल हाये. या घडीचा फोटो काढून ठेवला की पुढं काही बिघडलं तं सरळ इथं परत येता येते. परत सकाळपासून करा नाही लागत."

मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी मान हलवली. गफ्फारभाईनंही हलवली. राखीनं फोटो काढला.

मग त्यानं जाकीर पुसला आणि माझं नाव लिहिलं. नून, वाव, रे. मी पडद्यावर बोट ठेवून वाचलं. नस्तालीकमध्ये माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं. नूर आणि जहां एकमेकांना टेकून बसले होते. गफ्फारभाईनं वरपासून खालपर्यंत अख्खी पत्रिका दोनदा वाचली, फाईल सेव्ह केली, आणि म्हणाला, "बिलकुल सही. जा तू, केसरबाई तुझ्या बांगड्या वाटून टाकीन. सकाळी येऊन ने."

मी गेले. बाजार उठायच्या वेळेला गर्दी होती, तशीच बसले. माझा आवाज त्या दिवशी मोठा निघत होता. केसरबाई म्हणाली, "आज काय भेटलं वं तुले?"

"नाव भेटलं," मी म्हटलं.

सकाळी गेले तर पत्रिका बांधून तयार. अल्तमश संध्याकाळीच येऊन मोताळ्याचा गठ्ठा घेऊन गेला, असं गफ्फारभाईनं सांगितलं. मला आवडलं नाही, पण म्हटलं जाऊ दे, आता माझं नाव घेऊनच जातो आहे. तिथंच दोरी सोडून एक पत्रिका काढली. वास घेतला. खाली पाहिलं.

ज़ाल, अलिफ, काफ, रे.

मी दुसरी काढली. तिसरी काढली. गठ्ठ्याच्या मधून काढली. सगळीकडं तो. सोनेरी शाईत, नस्तालीकमध्ये, आरामात बसलेला.

"गफ्फारभाई," मी म्हटलं, "अल्तमश आला तवा काय बोलनं झालं तुमचं?"

"काही नाही. गठ्ठा घेतला, चहा पेला, गेला. काऊन?"

मी पत्रिका त्याच्या छातीवर ठेवली. मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, पण पुरुष पुरुषाला धरून असतात, दाढी पांढरी झाली म्हणून माणूस पांढरा होत नाही, एवढं तरी बोलले. आणि ते मी मागं घेत नाही, कारण त्या वेळी दुसरं काही समजायला जागाच नव्हती. भाऊ येतो, चहा पितो आणि रात्रीतून बापाचं नाव परत येतं. याच्यातून कोणतीही बाई काय समजेल?

गफ्फारभाईनं पत्रिका वाचली. चष्मा पुसून परत वाचली. त्याचा चेहरा पाहून माझा आवाज अर्ध्यात थांबला. तो माझ्याकडं पाहत नव्हता, आपल्या बोटांकडं पाहत होता.

"मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "तुह्या समोर लिहिलं ना?"

"लिहिलं."

"मंग?"

"छापताना नाही दिसलं तुम्हाले?"

"छापताना मी शाई पाहतो, नूरजहांबी. दोनदा वाचेल होतं. वाचेल ते कोन पुन्हा वाचते?"

राखी आली तेव्हा आम्ही दोघं दारात उभे होतो. तिनं आतलं मशीन चालू केलं, फाईल उघडली. गफ्फारभाई वाकून वाचायला लागला आणि वाचता वाचता मागं सरकला. तिथंही जाकीर होता.

"आत कोन आलतं?" त्यानं हळूच विचारलं. म्हाताऱ्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. मशीनच्या आत मशीन, आणि तिच्या आत आणखी कोणी. त्यानं ओठातल्या ओठात कुराणातली आयत पुटपुटली.

"कोनी नाही आलं," राखी म्हणाली. "तुम्ही दुपारनंतर असरच्या नमाजले गेलते. मी प्रिंट द्याले गेली तं आतलं मशीन अडकलं. बाणच हलेना. मंग मी फोटोवर परत आली, पत्रिका उघडेलच होती, छपाईच्या ट्रेसिंग कागदावर प्रिंट काढली अन् तुमच्या टेबलावर ठेवली."

"फोटोवर परत आली म्हंजे?"

"म्हंजे जो आपन फोटो काढला होता ना, तिथं..." ती थांबली. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "फोटो काढला तवा नाव बदलेल होतं का नव्हतं?"

बाहेरून जीपवाला बुलढाणा-बुलढाणा ओरडत गेला.

"नव्हतं," गफ्फारभाई म्हणाला. "आधी फोटो, मंग नाव."

राखी खुर्चीवर बसली. "मले वाचता येत नाही, मावशी. ते बी नाव तसंच दिसलं मले, हे बी तसंच. दोन्हीच्या डोक्यावर टिंब हाये."

खरं होतं. जाकीरच्या ज़ालवर एक टिंब, माझ्या नूनवर एक टिंब. वाचता न येणाऱ्याला आम्ही दोघं सारखेच.

"पन गफ्फारभाईनं सेव्ह केलं होतं," मी म्हटलं. "लिहिलं, वाचलं, सेव्ह केलं. ते गेलं कुठी?"

"कुठीच नाही गेलं," राखी म्हणाली. "ते झालंच नाही."

"मी इथं बसेल होती. माझ्या डोळ्यादेखत झालं."

"तुमच्यासाठी झालं. आतल्या मशीनसाठी नाही झालं. ते फोटोच्या घडीले परत गेलं ना. त्याच्यानंतरचं त्याले काहीच माहीत नाही."

मी बसले. मला हे समजलं नाही आणि पूर्ण समजलं. जाकीरनं हेच केलं होतं. एक दिवस उठला आणि लग्नाच्या आधीच्या घडीला परत गेला. मधलं सगळं, मी, महनूर, तिचा पहिला ताप, त्याच्यासाठी झालंच नाही. आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत फिरले की झालं होतं, माझ्या डोळ्यादेखत झालं होतं.

"लिहा परत," मी म्हटलं.

गफ्फारभाई बसला. या वेळी राखीनं त्याच्या बाजूला मला बसवलं. "मावशी, तुम्ही अक्षर वाचा. मले दाखवा, कोनतं तुमचं." मी तिला बोटानं दाखवलं. या टिंबाखाली दातासारखं टोक आहे, त्या टिंबाखाली नाही, अशी काहीतरी खूण तिनं आपल्या मनात केली. नाव लिहून झालं. गफ्फारभाईनं सेव्ह केलं.

"आता फोटो काढ," मी म्हटलं.

राखीनं काढला. आता मशीन अडकलं, बिघडलं, मेलं, तरी परत येईल ते माझ्या नावावर येईल. मेनूत आता दोन फोटो दिसत होते, एकाखाली एक.

"वरचा कोनता?"

"कालचा. जाकीर काकाचा."

"म्हंजे तो अजून आत हाये?"

"हाव. आत हाये. डिलीट करू?"

"कर."

राखीनं मोबाईलवर वाचलं, मग कपाळ चोळलं. "मावशी, इथं लिहेल हाये, की फोटो डिलीट केला म्हंजे त्याच्यातलं जात नाही. ते पुढच्यात मिसळते. नाव तुमचंच राहीन, पन खालचं सगळं त्याच्यावरच उभं हाये ना, म्हनून ते एकत्र करते."

मी गफ्फारभाईकडं पाहिलं, तो माझ्याकडं. जन्मभर हाच हिशेब मला लागला नव्हता, तो या यंत्राला लागेल असं मला वाटत नव्हतं.

"मंग राहू दे," मी म्हटलं. "मिसळू नको. राहू दे त्याले वर."

ट्रेसिंग निघालं. मी वाचलं, गफ्फारभाईनं वाचलं, राखीनं टिंबाखालचा दात पाहिला. पहिली पत्रिका ओली असताना मी परत वाचली. छापणं चालू असताना अल्तमशचा फोन आला, मोताळ्याहून.

"गठ्ठा वाटून झाला, आपा."

"त्याच्यावर जाकीर हाये. आता दुसऱ्या छापून राह्यल्या. त्याच्यावर मी हाये."

"एका लग्नाच्या दोन पत्रिका? लोक काय वाचतीन?"

"तू वाटल्या त्या लोकाईनं वाचल्या का? अद्दाईखाली कोन हाये, कोनी विचारलं?"

"नाही," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, तेवढा माझा भाऊ आहे. "तारीख पाह्यली. मंडप कुठी हाये ते पाह्यलं. जेवन कवा ते विचारलं."

"मंग कालपासून तुह्या पोटात आग कायची होती?"

त्याला सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही माझी सांगता आली नसती. कोणी वाचत नाही अशा ओळीसाठी मी एका म्हाताऱ्याला नको ते बोलले, दोन माणसांना दिवसभर यंत्राच्या आत-बाहेर फिरवलं. तरीपण ती ओळ मला पाहिजे होती, आजही पाहिजे आहे, आणि का ते कोणाला समजत नसेल तर त्यानं आपलं नाव कुठल्या तरी पत्रिकेतून काढून पाहावं.

गठ्ठा बांधून झाला. रिवाजाप्रमाणं पहिली पत्रिका मशिदीत द्यायची की घरातल्या मोठ्याला, यावर गफ्फारभाई काहीतरी सांगायला लागला. मी एक काढून घेतली. पाकीट मागितलं. वर मराठीतच लिहिलं, कारण पोस्टवाल्याला ते वाचता आलं पाहिजे. जाकीर, मुक्काम सुलतानपूर, तालुका लोणार.

"त्याले काऊन?" राखीनं विचारलं.

"मुलीचा बाप हाये. बोलवावं लागते."

गफ्फारभाईनं पाकिटाकडं पाहिलं, मग पडद्याकडं, जिथं आतलं मशीन अजून चालू होतं. कुलूप काढून अत्तराच्या डबीत ठेवायला त्याचा हात मागं गेला होता, तो तिथंच थांबला.

"तो येईन काय?"

"मले काय माहीत," मी म्हटलं आणि पाकीट चाटून बंद केलं.